पेशंटशी नातं

परळच्या इस्पितळात, खिडकी क्रमांक सहा,
एकोणीस वर्षं मी तेच विचारत आले:
नाव, वय, मुक्काम, आणि
पेशंटशी नातं?

जुन्या रजिस्टरात त्याला चार बोटं जागा होती.
मावलं नाही ते मी समासात लिहायचे,
तिरक्या अक्षरात, ऑडिटवाल्यांची बोलणी खात.

वळ्ळियम्मै, मूळ तिरुनेलवेली, मुक्काम धारावी,
म्हणाली, मामा.
मी मामा लिहिलं आणि तिच्या गळ्यातल्या ताळीकडे पाहिलं.
आईचा धाकटा भाऊ, ती म्हणाली, आणि नवरा.
सासूला मी अजून आजीच म्हणते.

मागे रोहतकचा धर्मपाल उभा होता.
त्याच्याकडे अख्खं गाव बहीण-भाऊ,
सून आणायची ती शीव ओलांडून.
त्याने कानाला हात लावले.
मी म्हटलं, आमच्यात मामाची पोर चालते,
आत्याची नाही, वेल परतू नये म्हणतात.
तो माझ्याकडेही तसाच बघायला लागला.
संध्याकाळी बघते तर जिन्यात
वळ्ळियम्मैच्या मामाची सलाईनची बाटली
त्यानेच वर धरलेली.
हूक सापडत नव्हता, आणि हा सहा फुटी.

शिलाँगची इबानरी. मुलीला आडनाव आईचं.
नवरा आमच्या घरी राहतो, म्हणाली,
आणि घर धाकट्या बहिणीला जाणार.
पेडणेकर सिस्टर हसली, म्हणजे घरजावई!
तो शब्द इबानरीला समजावताना
माझ्या पहिल्यांदा लक्षात आलं
त्याला किती दात आहेत.

किन्नौरच्या एका पोराने
वडिलांच्या नावासाठी दोन ओळी मागितल्या.
थोरला बाप, धाकटा बाप, सख्खे भाऊ. आई एक.
तू नक्की कुणाचा, असं मी विचारलं नाही.
खोटं कशाला बोलू, विचारलं.
तो म्हणाला, घरचा.

आणि बाणकोटचा इलियास परकार. लिहा म्हणाला, दूधभाऊ.
झुबेदाशी त्याचं लग्न ठरत आलं होतं.
मग कुणा म्हातारीला आठवलं,
हिची आई तापाने फणफणलेली असताना
त्याच्या आईने हिला आठवडाभर अंगावर पाजलं होतं.
आठवडाभराचं दूध. बोलणी तिथेच थांबली.
आता तिचे रिपोर्ट तोच सांभाळतो,
प्लास्टिकच्या पिशवीत, छातीशी धरून,
आणि तिचा नवरा दुबईहून त्यालाच फोन करतो.

आता कॉम्प्युटर आलाय. यादी उघडते,
अकरा नाती, बारावं 'इतर'.
समास नाही.

परवा मी खिडकीच्या बाहेरच्या बाजूला उभी होते.
पेशंट शेवंता गोठणकर, वय एकाहत्तर, काळाचौकी.
आतली नवी पोर मान वर न करता म्हणाली, नातं?

वडिलांनी दुसरी आणली तेव्हा मी तीन वर्षांची.
आई होतीच. एक खोली, एक स्टोव्ह,
बाहेर जायचं पातळही दोघींत एक.
भांडायच्या नळावर, आणि रात्री
एकमेकींच्या डोक्यातल्या उवा काढायच्या.
आई गेली. माझी दहावीची फी हिच्या कुड्यांतून गेली.
माझ्या लग्नात ही ओटी भरायला उठली
तर कुणीतरी मागून पदर ओढला.
ही खाली बसली. मी पाहिलं, आणि
पाहिलं नाही असं केलं.

हाक मारताना मी तिला धाकटी म्हणते.
कागदावरचा शब्द ठाऊक आहे मला,
तीन अक्षरी, चौकटीत सहज बसणारा.
एकोणीस वर्षांत लोकांसाठी कितीदा लिहिला,
हातसुद्धा अडखळला नाही.

मागे कुणी खाकरलं.
व्हीलचेअरमधून धाकटी म्हणाली,
सांग ना गं काहीतरी, मला लघवीला लागलीय.

मी खुर्ची वळवली.
मागून पोरीची हाक आली,
ओ ताई, नातं राहिलं!